पिन्यॉनचे दाणे: झाड ओळखण्यापासून टरफल काढण्यापर्यंत

आडरान
नेवाडा, युटा, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाची पूर्व बाजू, इथे राहणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. ऑगस्ट संपत आला की पाइन नट, म्हणजे पिन्यॉन पाइनच्या शंकूतले खाण्याचे दाणे, कधी नि कसे काढायचे हे प्रश्न दहा ठिकाणी विचारले जातात. उत्तरं एका जागी असावीत.

आधी झाड. बाजूच्या डोंगरावर जे बुटकं, गोलसर, राखी-हिरवं पाइन दिसतं ते दोनपैकी एक असतं. नेवाडा, पश्चिम युटा आणि पूर्व कॅलिफोर्नियात पायनस मोनोफायला, म्हणजे एकसुई पिन्यॉन. न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, पूर्व युटा, उत्तर ॲरिझोना इथे पायनस एड्युलिस, दोनसुई पिन्यॉन. सुई चिमटीत धरून फिरवा. एकसुईची सुई गोल असते, बोटांत सहज फिरते. दोनसुईची अर्धगोल, ती अडखळते. जगातल्या शंभरावर पाइन जातींत एकेकटी सुई असणारी हीच एक. दोन्हींच्या सीमेवर, विशेषतः युटात, एकाच फांदीवर एक आणि दोन सुयांचे झुबके मिळतात. तो संकर, त्यावरून वाद घालू नका.

सुया मोजायच्या कारण दाणे वेगळे आहेत. एकसुईचा दाणा मोठा, टरफल पातळ, दाताखाली सहज फुटणारं. गरात निम्म्याहून जास्त पिष्ट आणि चरबी जेमतेम पाव भाग. दोनसुईचा दाणा लहान, टरफल कडक, आणि गरात ६० टक्क्यांच्या वर चरबी. भाजणं, साठवणं, स्वयंपाक, सगळं यावरून बदलतं. नेटवरच्या निम्म्या कृती कोणत्या दाण्याच्या आहेत हे सांगतच नाहीत, आणि मग लोक म्हणतात बिघडलं.

सुपातले
चांगला धागा. एक शंका: क्रॉफर्ड मार्केटात मिळतो तो चिलगोजा हाच का? आणि अमेरिकेतल्या दुकानात 'पाइन नट' म्हणून सोललेले पांढरे दाणे मिळतात ते?

आडरान
दोन्ही वेगळे. चिलगोजा म्हणजे पायनस जेरार्डियाना. हिमाचलात किन्नौर आणि चंब्याचं पांगी खोरं, पुढे पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. तोही कोरड्या डोंगरावरचा, साधारण १८०० ते ३३०० मीटरवर, पण सुया तिनाच्या झुबक्यात आणि दाणा लांबट, दोन सेंटिमीटरच्या आसपास. पिन्यॉनचा दाणा त्याच्यापुढे ठेंगणा नि गोलसर.

अमेरिकेतल्या दुकानातले सोललेले दाणे बहुतेक चीन-रशियाकडचे असतात, मुख्यतः पायनस कोरायेन्सिस. इटलीतला लांब, निमुळता दाणा पायनस पिनियाचा. पिन्यॉन दुकानात आलाच तर टरफलासकट, हंगामात, बहुतेक रस्त्याकडेच्या विक्रेत्यांकडे.

कडूजीभ
या निमित्ताने: पाइन नट खाल्ल्यावर दीड-दोन दिवसांनी तोंडात कडू, धातूसारखी चव येते आणि दोन-तीन आठवडे राहते, असे अनुभव लोक लिहितात. तो प्रकार मुख्यतः पायनस आर्मंडी या चिनी जातीच्या दाण्यांशी जोडला गेला आहे. आपोआप जातो. पिन्यॉनला त्यावरून नावं ठेवू नयेत. ज्यांना सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र हाही दाणा सांभाळूनच खावा.

गोणपाट
वेचणीबद्दल लिहितो. सगळ्यात महत्त्वाचं आहे ते या झाडाचं वेळापत्रक, कारण त्यावरूनच कुठे जायचं आणि काय करायचं नाही हे कळतं.

शंकूची कळी एका वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटी धरते. पुढच्या मे-जूनमध्ये ती बाहेर येते, परागण होतं, आणि हिवाळ्यापर्यंत बोटाच्या पेराहून लहान शंकू फांदीच्या टोकाशी बसून राहतो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो झपाट्याने वाढतो आणि सप्टेंबरात पिकतो. कळीपासून दाण्यापर्यंत साधारण २६ महिने. त्यामुळे पिकलेले शंकू काढताना त्याच फांदीच्या शेंड्याला पुढच्या वर्षीचे बाळशंकू असतात आणि कळ्यांमध्ये त्याच्या पुढच्या वर्षीचे. फांदी मोडून शंकू ओरबाडणारा माणूस एका पिशवीसाठी तीन हंगाम नेतो. दोन वर्षांनी त्या झाडाला काही लागलं नाही की 'झाड वांझ झालं' म्हणणारेही तेच.

याचा उलटा फायदा असा की पुढचं वर्ष कसं जाईल हे आज दिसतं. ऑक्टोबरात फांद्यांचे शेंडे बघा. बाळशंकू भरपूर असतील तर जागा लिहून ठेवा. जूनमध्ये पुन्हा बघा, कारण मधल्या काळात दुष्काळाने किंवा शंकू पोखरणाऱ्या भुंग्या-अळ्यांनी बरेच गळतात. जुलैत हिरवे, फुगलेले शंकू दिसले तर पीक जवळजवळ नक्की.

बहर दरवर्षी येत नाही. तीन ते सात वर्षांतून एकदा, आणि तोसुद्धा आख्ख्या डोंगररांगेला एकाच वेळी. मधल्या वर्षांत दाणा खाणारे पक्षी-उंदीर उपाशी राहतात, संख्या घटते, आणि बहराच्या वर्षी त्यांना सगळं संपवता येत नाही. म्हणून 'मागच्या वर्षी इथे खूप मिळाले' ही माहिती यंदा जवळजवळ निरुपयोगी.

सुपातले
हिरवे शंकू काढायचे की उघडल्यावर दाणे वेचायचे? दोन्ही मतं वाचली.

गोणपाट
दोन्ही पद्धती जुन्या आहेत. पायूट, शोशोनी आणि वॉशो या तिथल्या मूळ टोळ्या दोन्ही वापरत आल्या आहेत.

हिरवा शंकू: ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. शंकू पूर्ण आकाराचा, पण खवले मिटलेले. लांब काठीला आकडी लावून शंकू पिळून ओढायचा, फांदी खेचायची नाही. आंबे काढायच्या आकडीचा हात असेल त्यांना जमेल. फायदा असा की पक्ष्यांच्या आधी माल हातात. तोटा म्हणजे राळ. हात, केस, गाडीची सीट, सगळं चिकटतं. राळ साबणाने जात नाही. आधी खाद्यतेल किंवा लोणी चोळून विरघळवा, मग साबण. कपडे टाकून द्यायचेच घालून जा.

शंकू उघडायला दोन मार्ग. गोणपाटाच्या पोत्यात भरून कडक उन्हात ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत उघडतात, मग पोतं आपटलं की दाणे सुटतात. किंवा पारंपरिक खड्डा: निखारे, त्यावर शंकू, वरून माती, की राळ जळते आणि खवले सैल होतात. खड्ड्यात दाणा अर्धवट भाजूनही निघतो, चव उत्तम. पण सप्टेंबरात तिकडे बहुधा आग पेटवायला बंदी असते, त्यामुळे घरच्या अंगणातसुद्धा आधी नियम बघा. प्लास्टिकच्या पिशवीत हिरवे शंकू कोंडले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी.

उघडा शंकू: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. झाडाखाली ताडपत्री पसरा, काठीने फांदीला हलके टपके द्या किंवा खोड हलवा. दाण्याला पंख नसतो, त्यामुळे तो सरळ खाली पडतो. काम स्वच्छ, पण मुदत फार थोडी. शंकू उघडल्यापासून दोनेक आठवड्यांत 'पिन्यॉन जे' आणि 'क्लार्क नटक्रॅकर' हे पक्षी झाड साफ करतात.

निळंपाखरू
त्या पक्ष्यांना चोर समजू नका, दाणा पेरणारे तेच आहेत. पंख नसलेला जड दाणा वाऱ्याने जात नाही. पक्षी घशात भरून किलोमीटरच्या हिशोबात दूर नेतात, जमिनीत पुरतात, आणि जे उकरायचे राहतात त्यांतून रोपं येतात. 'पिन्यॉन जे' हलका दाणा चोचीत तोलून टाकून देतो. दोनसुईत तर रंगानेच कळतं: गडद तपकिरी भरलेला, फिकट पिवळसर बहुधा पोचट. थवा झाडावर बसून दाणे टाकत असेल तर त्या झाडात पोचट माल जास्त आहे असं समजा आणि पुढे चला.

एक विनंती. झाडाखालचा प्रत्येक दाणा झाडून नेऊ नका.

नियमवाला
कायद्याचं. नेवाडात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या जमिनीवर घरच्या वापरासाठी माणशी वर्षाला २५ पौंड, म्हणजे ११ किलोच्या आसपास, परवान्याशिवाय नेता येतात. विकायचे असतील तर परवाना लागतो, आणि काही पट्टे व्यापारी वेचणीसाठी लिलावाने दिलेले असतात. राष्ट्रीय वनांत प्रत्येक वनाचा आकडा वेगळा, त्या त्या कार्यालयात विचारा. राष्ट्रीय उद्यानांचे नियम आणखी निराळे.

रीनोच्या दक्षिणेला पाइन नट पर्वतरांगेत वॉशो कुटुंबांच्या नावाने दिलेल्या जमिनी आहेत. कुंपण नसलं तरी ती मोकळी जागा नव्हे. इतरत्रही टोळीची कुटुंबं वेचताना दिसली तर त्या राईत शिरू नका, दुसरी राई शोधा. डोंगर मोठा आहे.

सुपातले
उंदरांच्या बिळांत ढीगच्या ढीग आयते मिळतात असं एका व्हिडिओत पाहिलं.

आडरान
जुन्या काळी लोक ते घेत, हे खरं. आज कृपया घेऊ नका. १९९३ साली फोर कॉर्नर्स भागात, म्हणजे युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना जिथे मिळतात तिथे, हंटाव्हायरस या उंदरांपासून होणाऱ्या जीवघेण्या आजाराची साथ आली. त्याआधी एल निन्योच्या चांगल्या पावसाने पिन्यॉनचं आणि इतर बियांचं पीक जोरात आलं होतं आणि त्यावर डियर माऊस जातीचे उंदीर प्रचंड वाढले. उंदीर आणि माणसाच्या आजाराचा संबंध तिथल्या नवाहो टोळीच्या जाणत्यांना आधीपासून माहीत होता. विषाणू उंदराच्या लेंड्या-मुतातून, वाळलेल्या धुळीतून श्वासात जातो. म्हणजे बीळ उकरणं हाच धोका. जमिनीवरून वेचलेले दाणेही धुवून घ्या, आणि ज्या झाडाखाली लेंड्या दिसतात तिथे बसूच नका.

सुपातले
पटलं. आता पुढचं, घरी आणल्यावर?

वरवंटा
हे माझं खातं. क्रमाने.

भरलेले-पोचट वेगळे करणं. बादलीभर पाण्यात दाणे सोडा, ढवळा, पाचेक मिनिटं थांबा. वर तरंगतात ते काढून टाका. चाचणी शंभर टक्के नाही, काही चांगलेही तरंगतात. तरंगलेल्यांतले दहा फोडून बघा आणि त्यावरून ठरवा. बुडालेले लगेच निथळून कापडावर एका थरात पसरा. पाण्यात रात्रभर विसरलात तर गर पाणी पितो आणि नंतर बुरशी धरतो.

वाळवणं. इथे एकसुईवाले फसतात. ताज्या एकसुईचा गर ओलसर असतो, टरफल पातळ, आतून बुरशी चढते आणि बाहेरून कळत नाही. सावलीत, वाऱ्यावर, पातळ थरात निदान आठवडाभर, रोज हात फिरवून. कडक उन्हात टाकू नका, वरून सुकतो आणि आत ओल राहते. दाणा हलवल्यावर आत खुळखुळला की पुरेसा सुकला.

एकसुई शिजवणं. दोन मार्ग आहेत, मला पहिला पटतो. मिठाच्या पाण्यात १५-२० मिनिटं उकळा, दोन फोडून बघा. कच्चा गर पांढुरका, अर्धपारदर्शक आणि चिकाच्या चवीचा असतो. शिजला की अपारदर्शक, मऊ. गरम असतानाच सोलून खा. दुसरा मार्ग भाजणं: ओव्हन १५० अंश सेल्सिअस, ताटात एकच थर, १५-२० मिनिटं, दर पाच मिनिटांनी ढवळायचं. ओल राहिली असेल तर काही फटाफट फुटतात, म्हणून ताट उघडं ठेवून जवळ उभं राहू नका. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, मंद आच, सतत हात.

दोनसुई उकळू नका, काही साधत नाही. भाजाच. चरबी जास्त असल्याने मधल्या दोन-तीन मिनिटांत दाणा चांगल्याचा करपट होतो. दहाव्या मिनिटाला पहिला दाणा फोडा, नंतर दर दोन मिनिटांनी. गर फिकट बदामी झाला की ओव्हनमधून काढा आणि गरम ताटातून लगेच दुसरीकडे ओता. ताटाच्या उष्णतेने भाजणी पुढे चालूच राहते आणि बहुतेकांचा माल तिथेच जळतो. खारे हवे असतील तर भाजण्याआधी मिठाच्या पाण्यात बुचकळून निथळा.

टरफल. एकसुईला पाटा-वरवंटा उत्तम, आणि तिकडच्या टोळ्यांचा दगडही अगदी तसाच. वाटायचं नाही. वरवंटा नुसता अंगच्या वजनाने मागे-पुढे लोळवायचा, टरफल तडकतं, गर आख्खा राहतो. मग सुपात पाखडा. दोनसुईच्या कडक टरफलाला हे पुरत नाही. जाड कापडात गुंडाळून लाटण्याने दाबा किंवा एकेक पकडीने. दात वापरू नका.

सुपातले
पारंपरिक पद्धतीत सुपात निखारे टाकतात म्हणे? सूप जळत नाही?

वरवंटा
टोपली घट्ट विणीची असते, आणि निखारे-दाणे सतत उसळत ठेवतात, एका जागी टेकू देत नाहीत. हात थांबला की टोपली जळते. टरफलासकट एकदा असं परतायचं, दगडावर फोडायचं, पाखडायचं, मग नुसता गर पुन्हा परतायचा, आणि दळून पीठ. त्या पिठाची पेज हे हिवाळ्यातलं मुख्य अन्न. पीठ आधी थंड पाण्यात कालवून मग हळूहळू ऊन करत नेतात. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गाठी, नाचणीच्या आंबिलाला होतात तशाच.

तूपसाखर
स्वयंपाकात: एकसुईच्या पिठाची खीर छान होते, शिंगाड्याच्या पिठासारखं तुपावर परतून घ्यायचं. पण त्याचा पेस्टो (तुळशीच्या जातीच्या पानांची इटालियन चटणी) करायला जाऊ नका, तेल सुटत नाही, लगदा होतो. पेस्टोला दोनसुई. चारोळीच्या जागी दोनसुई चालतो, बासुंदीत शेवटी घालायचा. मेक्सिकन दुकानात गुलाबी गराचा पिन्यॉन दिसला तर तो तिसराच, पायनस सेंब्रॉइडिस. टरफल दगडासारखं, म्हणून सोललेलाच घ्या.

वरवंटा
साठवण राहिली. सुकवलेला, टरफलासकटचा माल कापडी किंवा कागदी पिशवीत फ्रीजमध्ये काही महिने, फ्रीझरमध्ये वर्षभर. एकसुई लांब ठेवायचा असेल तर थेट फ्रीझर, कपाटात नको. दोनसुई कपाटात कोरड्या हवेत टरफलासकट बरेच दिवस टिकतो. सोललेला गर मात्र कोणताही असो, फ्रीझरमध्येच, नाहीतर खवट. मुंबईला न्यायचे असतील तर भाजूनच न्या. कच्चा दाणा म्हणजे बी, आणि बी परवानगीशिवाय विमानातून आणणं नियमात बसत नाही.

जुनेपुराणे
हा दाणा इतका दुर्मिळ का वाटतो, याचं एक उत्तर इतिहासात आहे. १८५९ नंतर पश्चिम नेवाडातल्या कॉमस्टॉक या खाणपट्ट्यात चांदी निघाली आणि नेवाडाभर खाणी सुरू झाल्या. इंधन, खाणीतले टेकू आणि भट्ट्यांचा कोळसा, यासाठी आसपासचे पिन्यॉन तोडले गेले. पूर्व नेवाडातल्या ईली गावाजवळ वॉर्ड इथे १८७६ साली बांधलेल्या कोळशाच्या सहा दगडी भट्ट्या अजून उभ्या आहेत, प्रत्येकी ३० फूट उंच. युरेका गावाभोवती तर डोंगर उघडे पडले. तिथे कोळशाच्या भावावरून १८७९ साली झालेल्या झटापटीत पाच कोळसेवाले मारले गेले. ज्यांच्या राया तोडल्या त्या लोकांचं हिवाळ्याचं धान्य गेलं, हे त्या हिशोबात कुठेच नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यात गुरांसाठी गवत वाढावं म्हणून दोन बुलडोझरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून पिन्यॉन आणि त्याच्या सोबतीने वाढणाऱ्या जुनिपर झाडांचं रान उपटलं गेलं. ते पट्टे आजही ओळखू येतात.

आडरान
आणि आता दुष्काळ. २००२-०३ मध्ये नैर्ऋत्य अमेरिकेत दोनसुई पिन्यॉन मोठ्या प्रमाणावर मेला. न्यू मेक्सिकोतल्या एका अभ्यासक्षेत्रात ९० टक्क्यांहून जास्त झाडं गेली. कारण दुहेरी. पाणी तुटलं की पिन्यॉन पर्णरंध्रं लवकर मिटतो. पाणी वाचतं, पण राळ बनवायला शक्ती उरत नाही. मग इप्स कन्फ्यूसस हा साल पोखरणारा भुंगा शिरतो, ज्याला धडधाकट झाड राळेत बुडवून मारतं. शेजारचा जुनिपर रंध्रं उघडी ठेवून तग धरतो, म्हणून त्या रानात पिन्यॉन तपकिरी आणि जुनिपर हिरवा असं चित्र दिसलं.

ज्यांच्या आवारात पिन्यॉन आहे त्यांनी एवढं पाळा. वसंत-उन्हाळ्यात हिरव्या फांद्या छाटू नका आणि ताजं तोडलेलं लाकूड रचून ठेवू नका, भुंगे त्यातच वाढतात. छाटणी थंडीत. खोडावर राळेच्या गुठळ्या आणि तांबूस भुसा दिसला तर भुंगा आत गेला आहे. शेंडा पिवळा पडल्यावर औषध मारून उपयोग नसतो, झाड काढून टाका म्हणजे शेजारचं वाचेल. लांबलेल्या दुष्काळात महिन्यातून एकदा, खोडाशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली, खोलवर जिरेल असं पाणी द्या. रोज थोडं थोडं दिलं तर मुळं कुजतात.

मातीतला
पुण्यात बी लावलं तर येईल का? की माण-खटावच्या कोरड्या माळावर?

आडरान
रोप येईल, पीक नाही. बी ओलसर वाळूत १ ते ५ अंशांवर फ्रीजमध्ये एकसुईला महिना ते तीन महिने, दोनसुईला त्याहून कमी. मग सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल, उंच कुंडीत, कारण सोटमूळ आधी खाली धावतं. माती निम्मी जाड वाळू किंवा खडी. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, नाहीतर रोप मुळाशी कुजून आडवं पडतं.

माण-खटावचा कमी पाऊस ऐकायला जुळतो. पण पिन्यॉनच्या डोंगरावर वर्षाला २०० ते ४५० मिलिमीटर पडतो तोही बराचसा बर्फ म्हणून, आणि उंची १२०० ते २४०० मीटर. खरी थंडी लागते, ती तिथे नाही. शिवाय पहिले शंकू पंचवीस-तीस वर्षांनी, भरघोस पीक शंभरीच्या आसपास.

मातीतला
मग नातवासाठीही लावण्यात अर्थ नाही. हिमाचलात चिलगोज्याची रोपं वनखात्याकडे मिळतात का?

निळंपाखरू
किन्नौरमध्ये वनखातं रोपवाटिकेत ती करतं, पण वाढ तितकीच संथ, आणि महाराष्ट्रात त्यालाही हीच अडचण. तिकडे आणखी एक प्रश्न आहे: दाण्याला भाव इतका की जवळजवळ सगळे शंकू फांद्यांसकट उतरवले जातात आणि रानात बी पडतच नाही. गोणपाट यांनी बाळशंकूंबद्दल लिहिलं ते तिथेही लागू.

गोणपाट
बरोबर, चिलगोज्यालाही शंकू पिकायला दुसरं वर्ष लागतं. आकडीचं टोक कसं असावं हे विचारणाऱ्यांसाठी: बाहेरून धार नको, वळण आतून गुळगुळीत, तोंड चार-पाच सेंटिमीटर. शंकूच्या देठात अडकवून काठी स्वतःभोवती फिरवायची. ओढावं लागत असेल तर शंकू अजून तयार नाही, आठवड्याने या.

सुपातले
एकसुईचे शंकू जुलैत हिरवे दिसले होते त्या उतारावर आता काही काही तपकिरी आणि चिकट, वाकडे झालेत. पिकले म्हणायचे?

गोणपाट
नाही. सप्टेंबरच्या आधी तपकिरी, वाकडा आणि राळ गळणारा शंकू म्हणजे आत अळी किंवा भुंगा. एक चिरून बघा, भुसा असेल. असे शंकू काढायची तसदी घेऊ नका, पोत्यात घातले तर चांगल्यांनाही राळ लागते. त्याच झाडावरचे सरळ, घट्ट, हिरवे तेवढे घ्या.